लॅपटॉप 'ऑटोमॅटिक रिपेअर'मध्ये गोल गोल फिरतोय, रिपेअर करू की सरळ फॉरमॅट मारू?

टिपणवही
मंडळी, अडलंय म्हणून धागा काढतेय. लॅपटॉप २०१८ चा, आय-फाइव्ह आठवी जनरेशन, ८ जीबी रॅम, १ टीबीची जुनी फिरणारी हार्डडिस्क, विंडोज १०. गेले दोन-तीन महिने इतका संथ झाला होता की फोल्डरवर क्लिक करायचं, जाऊन कपड्यांच्या घड्या घालायच्या आणि येऊन बघायचं उघडलाय का. परवा तो बंदच होईना, म्हणून पॉवरचं बटण दाबून धरलं. तेव्हापासून 'प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर', मग 'डायग्नोझिंग युअर पीसी', मग निळा पडदा, रीस्टार्ट, परत पहिल्यापासून. काल पंधरापर्यंत मोजलं, मग मोजणं सोडलं.

डेस्कटॉपवर चार वर्षांचं भाषांतराचं काम आहे. बॅकअप? विचारू नका.

भाऊ म्हणतो फॉरमॅट मार, अर्ध्या तासात नव्यासारखा होतो. मैत्रीण म्हणते आधी रिपेअर करून बघ. तर काय करू?

सरळसोट
फॉरमॅट. दुसरं उत्तर नाही. मी दर वर्षी मारतो, गरज असो नसो. रिपेअर रिपेअर करत दोन दिवस घालवायचे आणि शेवटी फॉरमॅटच करायचं, त्यापेक्षा पहिल्याच दिवशी करा आणि मोकळे व्हा.

दोनओळी
"बॅकअप? विचारू नका."
नाही विचारत. पण ऐकून पोटात गोळा आला.

बिनपगारी_तंत्रज्ञ
आमच्या खानदानात कुणाचाही लॅपटॉप बिघडला की तो माझ्याकडे येतो, शिक्षण माझं वनस्पतिशास्त्रात झालंय याची कुणाला पडलेली नाही. अनुभवावरून सांगतो, त्या निळ्या पडद्यावर 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' असतं, त्यात 'ट्रबलशूट', त्यात 'रीसेट धिस पीसी'. तिथे 'कीप माय फाइल्स' निवडलं तर फायली राहतात, टाकलेली सॉफ्टवेअर मात्र उडतात. जाताना काय काय काढलं त्याची यादी डेस्कटॉपवर ठेवून जातं, इतकं सभ्य आहे. दहापैकी सहा-सात वेळा माझं काम यावरच भागलंय.

खटपट्या
थांबा थांबा. टिपणवहीताई, कुणाचंही ऐकून आत्ता काही दाबू नका. माझंही अर्धं वाचून दाबू नका.

तुमच्या पोस्टमध्ये दोन गोष्टी आहेत. बूट होत नाही ही परवाची, आणि सगळे तिच्यावरच बोलतायत. दोन-तीन महिने संथ होत होता ही त्याआधीची, तिच्याकडे कुणी बघत नाहीये. फिरणारी डिस्क, इतकी वर्षं रोजचा वापर, हळूहळू मंदावत गेली आणि एक दिवस बूटच नाही, हे ऐकलं की मला विंडोजपेक्षा डिस्कचा संशय आधी येतो. एखाद्या सेक्टरवरचं (डिस्कच्या बारीक तुकड्यावरचं) वाचता आलं नाही की डिस्क तिथेच परत परत प्रयत्न करत बसते, तेवढा वेळ सगळं लटकतं आणि आपल्याला वाटतं विंडोज म्हातारं झालं. अशा डिस्कवर नवं विंडोज टाकणं म्हणजे आजार रेड्याला आणि डाग पखालीला.

आणि बिनपगारी, 'कीप माय फाइल्स' चांगलंच आहे, पण धडधाकट डिस्कवर. मरायला टेकलेल्या डिस्कवर रीसेट म्हणजे कित्येक जीबीची लिहा-पुसा. मध्येच अडकलं तर ना जुनं विंडोज ना नवं.

दोन प्रश्न. बंद पडायच्या आधी कधी टास्क मॅनेजर उघडला होतात का, आणि त्यात डिस्क १०० टक्के दिसायची का? दुसरं, लॅपटॉपला कान लावलात तर काही आवाज येतो का?

टिपणवही
१०० टक्के हो!! सतत. मी अँटीव्हायरसला शिव्या घालत होते. आवाजाचं आत्ता बघितलं. डावीकडे मनगट टेकतो तिथे कान लावला तर आधी घूंऽऽ, मग टक्... टक्... मग थोडा वेळ काहीच नाही आणि परत घूं. हे वाईट आहे का?

दोनओळी
वाईट आहे.

सरळसोट
उगाच घाबरवताय बाईंना. कमांड प्रॉम्प्ट उघडा, चेकडिस्क सी ड्राइव्हवर स्लॅश आर लावून चालवा, बॅड सेक्टर बाजूला काढून मोकळं होतं. मी स्वतः केलंय.

खटपट्या
सरळसोट, ते 'स्लॅश आर' काय करतं माहितीय ना? अख्खी डिस्क एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचते. १ टीबी. ज्या डिस्कला चार फोल्डर वाचताना धाप लागतेय तिला मॅरेथॉनला उभं करायचं का? शिवाय चेकडिस्कला फाइल सिस्टिम सुसंगत करायची असते, तुमची फाइल वाचवणं हे त्याचं काम नाही. तुटकी नोंद दिसली तर छाटून टाकेल. आधी फायली बाहेर काढायच्या, मग हवं ते चालवा.

रात्रपाळी
खटपट्याशी सहमत, पण उलट बाजूचाही एक किस्सा. आमच्या हपिसातल्या एकाचा लॅपटॉप असाच बूट होईना, पडद्यावर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. सगळ्यांनी डिस्क गेली म्हणून मान डोलावली. नवी डिस्क मागवायच्या बेतात होता. सहज बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानांत) गेलो तर तारीख काही वर्षं मागची. मदरबोर्डवरचा छोटा सेल संपला होता, त्यामुळे बायोसची सेटिंग मूळपदावर गेलेली आणि साटाचा, म्हणजे डिस्कशी बोलण्याचा, मोड रेडवरून एएचसीआयवर आला होता. परत रेड केलं, गडी सुरू. एक फाइल इकडची तिकडे झाली नाही. तेव्हा ताई, बायोसमध्ये डिस्कचं नाव आणि तारीख एकदा बघून घ्या. तिथे काही बदलू मात्र नका.

टिपणवही
तारीख बरोबर आहे. डिस्कचं नाव एकदा दिसलं, परत गेले तेव्हा नव्हतं, तिसऱ्यांदा परत दिसलं.

खटपट्या
मग लॅपटॉप बंद करा आणि फायली काढायची तयारी होईपर्यंत चालूच करू नका. प्रत्येक बूटला डिस्क झिजतेय. पंधरा वेळा मोजलंत म्हणालात, तेवढं पुरे.

टर्मिनलवासी
इतका वेळ गप्प होतो, आता माझी पाळी :)

हसा हवं तर, पण तुमच्या फायली लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टिम) वाचवेल. लॅपटॉपवर बसवायचं नाहीये, नुसतं पेनड्राइव्हवरून चालवायचं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या (त्यातलं सगळं पुसलं जाणार, आधी रिकामा करा), दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवर उबुंटूची, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकाराची, आयएसओ (अख्ख्या सिस्टिमची एक फाइल) उतरवून घ्या आणि रूफस नावाच्या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर चढवा. मग तुमच्या लॅपटॉपला लावून बूट मेनूतून तो निवडा. डेल आणि लेनोवोला बहुतेक एफ-१२, एचपीला एस्केप दाबून एफ-९, आसुसला एस्केप. एसरला एफ-१२ च, पण आधी बायोसमध्ये तो चालू करावा लागतो. 'ट्राय उबुंटू' म्हणायचं. चुकूनही 'इन्स्टॉल' नाही.

आत गेल्यावर 'डिस्क्स' नावाचं अ‍ॅप आहे. त्यात तुमची हार्डडिस्क निवडून मेनूतून 'स्मार्ट डेटा' उघडा. डिस्क स्वतःच्या दुखण्यांची वही ठेवत असते, ती ही. 'रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' या दोन ओळींचे आकडे इथे लिहा. शून्य असतील तर मी खटपट्याच्या वतीने माफी मागतो.

विंडोजचं ड्राइव्ह उघडताना कुरकुर झाली, म्हणजे हायबरनेट आहे वगैरे म्हणालं, तर घाबरू नका. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असलं की तसं होतं. फक्त वाचण्यापुरतं उघडलं तरी कॉपी करायला तेवढं पुरतं.

चिकटपट्टी
यात एक अडथळा कुणी सांगितला नाही, बिटलॉकर! म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, किल्ली नसेल तर लिनक्सलाही आतलं वाचता येत नाही. माझ्या लॅपटॉपवर बायोस अपडेट झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. मी आयुष्यात कधी बिटलॉकर चालू केलेलं नाही. नंतर कळलं, बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन (हेच कुलूप) आपोआप चालू होतं आणि ती रिकव्हरी की त्या अकाउंटवर जाऊन बसते. आता मजा बघा, ते अकाउंट काढलं होतं भाच्याने, लॅपटॉप घेतला तेव्हा, स्वतःच्या दुसऱ्या कुठल्यातरी ईमेलवरून. पासवर्ड त्याला आठवेना. जुना फोन नंबर बंद. तीन दिवस त्या पोराने किती ईमेल आठवून बघितले याला हिशोब नाही. चौथ्या दिवशी सापडलं. सहा सहा आकड्यांचे आठ गट मी वाचत होते, तो दाबत होता, आणि सातव्या गटात मी एक आकडा गाळला.

सांगायचं काय तर ज्यांचं सगळं नीट चालू आहे त्यांनी आजच आपली की लिहून कागदावर ठेवा. लॅपटॉपमध्येच सेव्ह करू नका, तेवढं कळतं ना :D

बिनपगारी_तंत्रज्ञ
आमच्या आत्याने कागदावर लिहून लॅपटॉपच्या बुडाला चिकटवलीय. चोराचीही सोय.

अजूनशिकतोय
मी वयाच्या ६३ व्या वर्षी हे सगळं शिकतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. माझं मत असं की सी ड्राइव्हमध्ये काही ठेवूच नये. सगळं डी मध्ये ठेवावं, मग सी कितीही वेळा फॉरमॅट करा. मला पूर्वी शिकवणाऱ्यांनी हेच सांगितलं होतं आणि मी ते पाळत आलो.

खटपट्या
काका, निम्मं बरोबर आहे. विंडोज बिघडलं तर डी वाचतं. पण सी आणि डी या एकाच घराच्या दोन खोल्या. छप्परच कोसळलं तर दोन्ही खोल्या गेल्या. आणि बऱ्याच जणांना माहीत नसतं की डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच. डोळ्यासमोर दिसतं म्हणून लोकांना वाटतं ते कुठेतरी वेगळं, वर ठेवलेलं असतं.

अजूनशिकतोय
मग माझी डी ची गोष्ट सांगतोच. गेल्या वर्षी विंडोज नवं टाकताना 'या डिस्कवर बसवता येणार नाही, एमबीआर आहे' असं काहीसं आलं, म्हणजे डिस्कची मांडणी जुन्या पद्धतीची, नवी ती जीपीटी. नेटवर उपाय वाचला. शिफ्ट आणि एफ-१० दाबून काळी खिडकी उघडायची, डिस्कपार्ट, मग सिलेक्ट डिस्क, मग क्लीन, मग कन्व्हर्ट जीपीटी. मी वाचून वाचून एकेक शब्द टाइप केला. 'क्लीन' म्हणजे मला वाटलं साफसफाई करत असेल. एंटर दाबल्यावर एका सेकंदात झालं, विचारलंसुद्धा नाही खरंच करू का. सी, डी दोन्ही गेले. पुढे पुतण्याने फोटोरेक नावाच्या प्रोग्रॅमने बरंच परत काढलं, पण फायलींची नावं सगळी गेली. एफ आणि पुढे सात आकडे. अकरा हजार फोटो, त्यात मुलीच्या लग्नाचे फोटो आणि वेबसाइटवरची बारकी बारकी चित्रं एकत्र. अजून रोज संध्याकाळी थोडे थोडे निवडतो.

रात्रपाळी
काका, तुमची फिरणारी डिस्क होती म्हणून तेवढं तरी मिळालं. एसएसडीवर (न फिरणाऱ्या, चिपवाल्या डिस्कवर) ट्रिम चालू असतं, पुसलेल्या जागा ती स्वतःच मागून रिकाम्या करून टाकते. तिथे फोटोरेकच्या हातालाही बहुधा काही लागत नाही.

सरळसोट
ठीक आहे, डिस्कवाल्यांचं म्हणणं कळलं. पण जिचा डिस्कशी संबंध नाही अशी केस असेल तर मी अजूनही म्हणेन फॉरमॅट. विंडोजच्या फायली तपासणारा तो एसएफसी स्कॅननाऊ मी किती वेळा चालवलाय आणि त्याने किती वेळा काही सुधारलंय? शून्य.

टर्मिनलवासी
कारण लोक नुसता एसएफसी चालवतात. तो बिघडलेली फाइल बदलायला चांगली प्रत विंडोजच्याच कोठारातून उचलतो, आणि कोठारातलाच माल खराब असेल तर तो तरी कुठून देणार? म्हणून आधी कोठार दुरुस्त करणारं डिझम रिस्टोअर हेल्थ, मग एसएफसी. आणि विंडोज निदान चालू होत असेल तर आतूनच आयएसओ उघडून सेटअप चालवा, 'फायली आणि अ‍ॅप्स ठेवा' निवडा. तेच विंडोज तेच्यावर परत बसतं, सॉफ्टवेअरसकट सगळं जागच्या जागी राहतं. लिनक्सवाला असून तुम्हाला विंडोज शिकवतोय, दिवस फिरले.

टिपणवही
आले. बाकी सगळं नंतर, आधी आकडे. रिअ‍ॅलोकेटेड १,४०८. पेंडिंग ३१२. वर लाल अक्षरात लिहिलंय की डिस्क लवकरच बंद पडण्याची शक्यता आहे.

डेस्कटॉप आधी घेतला एका बाहेरच्या डिस्कवर. पहिली दहा मिनिटं भराभर, मग एका फोल्डरवर असा अडकला की तेवढ्यात मी तुमचे सगळे प्रतिसाद वाचून काढले. तेरा फायलींवर एरर आली. त्यातल्या अकरा गाण्याच्या होत्या, एक वीज बिल आणि एक काय ते मला नावावरून कळत नाहीये. कामाचं सगळं आलं. सगळं!! मी खरंच टेबलावर डोकं ठेवून पाच मिनिटं बसले.

दोनओळी
तेरावी फाइल कायम गूढ राहणार.

खटपट्या
झक्कास. आता डिस्क बदला, या डिस्कवर काही टाकू नका. क्लोनही (अख्ख्या डिस्कची नक्कल) करू नका, खराब सेक्टरमधला बिघाड तसाच्या तसा नव्यावर जाईल. एसएसडी घ्या, तुमच्या मॉडेलमध्ये एम-डॉट-टूची (पट्टीसारख्या एसएसडीची) जागा असेल तर ती साटा प्रकारची एसएसडी घेते की एनव्हीएमई तेवढं मॅन्युअलमध्ये बघा. कन्फ्यूजन असेल तर सरळ अडीच इंची साटा, ती जुन्या डिस्कच्याच जागी बसते. आठवी जनरेशन आहे म्हणजे विंडोज ११ च टाका. टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं, ते तुमच्यात असणार, बायोसमध्ये बंद असेल तर चालू करा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आता नवी डिस्क घेऊन त्यावर १० टाकण्यात अर्थ नाही.

प्रॉडक्ट कीची चिंता नको. लॅपटॉपबरोबर आलेल्या विंडोजची की मदरबोर्डमध्येच असते. विचारलं तर 'माझ्याकडे की नाही' म्हणा, फक्त आधी विंडोजची होम आवृत्ती होती तर होमच निवडा. बसवताना बाहेरची डिस्क काढून ठेवा. अजूनशिकतोय काकांना आठवा आणि काढून ठेवा.

रात्रपाळी
नवे लॅपटॉप असलेल्यांसाठी एक, ताईंना लागू नाही. इंटेल अकराव्या जनरेशनपासून पुढे बऱ्याच लॅपटॉपवर इन्स्टॉलरमध्ये डिस्कच दिसत नाही, यादी रिकामी. डिस्क गेली म्हणून रडू नका, व्हीएमडीचा (इंटेलच्या डिस्क सांभाळणाऱ्या भागाचा) ड्रायव्हर नसतो. कंपनीच्या साइटवरून उतरवून पेनड्राइव्हमध्ये ठेवायचा आणि 'लोड ड्रायव्हर' म्हणायचं. मी यात एक रविवार घालवलाय.

टिपणवही
एसएसडी बसवली. स्क्रू नऊ काढले, आठ परत लागले, नववा कुठला होता देव जाणे.

विंडोज बसलं पण एका ठिकाणी अडकले होते. नेटला जोडा म्हणतं आणि वायफायची यादीच रिकामी. पुढेही जाऊ देईना. मग फोन केबलने लावून यूएसबी टेदरिंग चालू केलं तेव्हा पुढे सरकलं. आत गेल्यावर अपडेटमधून वायफायचा ड्रायव्हर आपोआप आला. आता बटण दाबल्यापासून बारा सेकंदांत डेस्कटॉप येतो. मी दोनदा उगाचच रीस्टार्ट केला, नुसतं बघायला.

बिनपगारी_तंत्रज्ञ
स्क्रू उरणं म्हणजे काम नीट झाल्याची पावती. आमच्याकडे बरणी भरलीय.

नुसतावाचक
शीर्षक वाचून लिहितोय, प्रतिसाद नाही वाचले. फॉरमॅट मारा, अर्ध्या तासाचं काम आहे.

सरळसोट
@नुसतावाचक, वर जा आणि सगळं वाचून या. मीही तुमच्याच पक्षात होतो.

टिपणवही
एक नवीन भानगड. जुनी भाषांतरं उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची गिचमिड. फायली खराब आल्या का??

खटपट्या
नाही हो. त्या युनिकोडच्या (मराठी अक्षरांना स्वतःचे कोड देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असणार. अशा फायलीत खरं तर इंग्रजीचेच कोड असतात, फॉन्ट त्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. नव्या विंडोजमध्ये तो फॉन्ट नाही म्हणून मुखवटा उतरला. जुन्या डिस्कवर विंडोजच्या फोल्डरमध्ये 'फॉन्ट्स' नावाचं फोल्डर आहे, तुम्ही कॉपी करताना नुसतं यूजरचं फोल्डर घेतलं असणार. साटाची यूएसबी केबल मिळते, तिने जुनी डिस्क बाहेरून लावा. वाचली गेली तर तेवढी एक फॉन्टची फाइल उचलून आणा. एकदा दिसायला लागलं की कन्व्हर्टरमधून युनिकोड करून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी परत हेच.

टिपणवही
लावली. पहिल्यांदा टक् टक् करून गप्प झाली, दुसऱ्यांदा दिसलीच नाही, तिसऱ्यांदा टेबलावर आडवी ठेवली तेव्हा उघडली. फॉन्ट मिळाला, पानं वाचता येतायत. तेरावी फाइल काही उघडली नाही. आणि एका पुस्तकात सगळीकडे 'त्र'च्या जागी चौकोन दिसतोय, पण ते आता उद्या.